केकवरची अळी

जगातला कुठलाही किडा माझ्यापासून आपली ओळख लपवू शकत नाही, असं मी वहिनीच्या बेकरीत छाती फुगवून सांगितलं. तेही अन्न तपासणी करणाऱ्या साहेबांसमोर! एका गिऱ्हाइकाला केकच्या क्रीममध्ये चेंगरलेली अळी सापडली होती आणि साहेब टाळं घेऊनच आले होते. दादा गेल्यापासून वहिनीचं घर या बेकरीवर चालतं.

"साहेब, मी संग्रहालयाच्या कीटक विभागात आहे," मी म्हणालो. "दुकानातल्या मालावर बारकोड असतो ना? तसा प्रत्येक किड्याच्या डीएनएत एक तुकडा असतो. तो वाचला की किड्याची जात कळते. ही अळी पिठातली नाहीच, पैज लावतो!"

"मग आली कुठून?" वहिनीने विचारलं.

"कुणीतरी आणून टाकली!" मी उगाच भुवया उडवल्या.

झालं! वहिनी तडक समोरच्या बेकरीवाल्या काकांकडे गेली आणि भर रस्त्यात त्यांचा उद्धार केला. मी तिला आवरायचं सोडून मागून "बरोबर आहे!" म्हणत होतो.

अळीच्या डीएनएचा अहवाल आला तसं मी साहेबांना आणि काकांना मुद्दाम बोलावून घेतलं.

"ऐका! पिठाशी हिचा काडीचा संबंध नाही. ही वाळलेल्या, मेलेल्या किड्यांवर पोसते. आमच्या संग्रहालयातल्या पेट्या हिनेच पोखरल्यात! आणि लोकर म्हणजे तर हिला..."

सगळे माझ्या लोकरीच्या स्वेटरकडे बघत होते. कामावर रोज अंगात असतो, तोच. कोपरापाशी काहीतरी केसाळ हळूहळू वर चढत होतं.

"भावोजी," वहिनी शांतपणे म्हणाली, "त्या केकवर क्रीमची फुलं कुणी काढली होती?"

मीच. हौसेने! लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काका तणतणत निघून गेले. साहेबांनी टाळं पिशवीत टाकलं. "बेकरी चालू ठेवा, बाई. यांना तेवढं आत घेऊ नका."

वहिनीने खोक्यात एक केक घालून माझ्या हातात ठेवला. "जा, काकांची माफी मागून या."

मी मान खाली घालून रस्ता ओलांडला. "काका, चुकलं माझं. वहिनीला मीच भरीस घातलं."

काकांचा चेहरा जरा निवळला. त्यांनी खोकं घेतलं, झाकण उघडलं आणि ते दोन पावलं मागे सरले.

"ही फुलं कुणी काढलीत?"