उष्णतेचे साधन, राखीव

यंदापासून उंचावरच्या छायाचित्रण-सहलीचे सामान बांधायचे काम माणसांकडून काढून कॅमेऱ्यांकडे देण्यात आले. साताऱ्यात त्याबद्दल कोणी फारशी कुरकुर केली नाही. माणसे नको ते भरतात आणि हवे ते विसरतात, हा सगळ्यांचाच अनुभव होता. गेल्या खेपेला एक गृहस्थ चकल्यांचा डबा छातीशी धरून थेट खिंडीपर्यंत पोचले आणि भिंग घरी टेबलावर राहिल्याचे त्यांना तिथे कळले. तेव्हा काय जाईल आणि काय राहील हे कॅमेरा ठरवील आणि त्याचा निर्णय अंतिम राहील, असे सहलीचे आयोजक फडतरे यांनी सगळ्यांना कळवून टाकले.

अच्युत शिराळकरांना हा नियम मनापासून पटला. पाटबंधारे खात्यात हयात गेल्यामुळे नवा नियम आला की त्यांना हुशारी वाटे. शिवाय आपला कॅमेरा आपल्याच वळणावर गेला आहे, याची त्यांना खात्री होती. लडाखमधल्या त्सो मोरीरी सरोवराकाठची पहाट टिपायची, हे त्यांनी निवृत्तीच्या समारंभात हार गळ्यात असतानाच ठरवले होते. पण एकदा दरडी कोसळून सहल रद्द झाली आणि एकदा ऐन वेळी त्यांना कावीळ झाली. आता दिवाळीनंतर दोन्ही गुडघे बदलायचे होते आणि त्यानंतर असल्या प्रवासाचे नावही काढू नका, असे डॉक्टरांनी बजावले होते. म्हणजे जायचे तर यंदाच, नाहीतर ते सरोवर दुसऱ्यांच्या फोटोत बघायचे.

श्रावणातल्या एका दुपारी त्यांनी सगळे साहित्य पलंगावर मांडले आणि कॅमेऱ्याला उशीवर टेकवून बसवले, म्हणजे त्याला सगळे नीट दिसेल. त्यांच्या पत्नी मंदाताई दाराशी घेवडा निवडत बसल्या होत्या.

"सुरुवात करू," कॅमेरा म्हणाला. त्याचा आवाज स्वच्छ होता, किंचित नाकातला. "रुंद भिंग, घेतले. लांब पल्ल्याचे भिंग, घेतले. जड तिपाई राहील."

"अरे, वाऱ्यात हलकी तिपाई लटपटते."

"तिला दगड बांधू. दगड तिथे मिळतात. बॅटऱ्या, घेतल्या. उंचावर थंडीने बॅटऱ्या मान टाकतात, त्यामुळे त्या कोणाच्या तरी अंगाशी, आतल्या खिशात ठेवाव्या लागतात. उष्णतेचे साधन?"

"मी आहे की!" अच्युतराव हसून म्हणाले.

"आपली नोंद तिथेच केली आहे."

अच्युतरावांचे हसू जरा जागच्या जागी राहिले. "म्हणजे, छायाचित्रकार म्हणूनही असेलच ना नोंद?"

"तसा रकाना नाही. फोकस मी ठरवतो, प्रकाश मी ठरवतो. बटण कोणीही दाबू शकते."

"आणि नजर? नजर कुणाची?"

"नजर भिंगात येते. ते घेतले आहे," कॅमेरा म्हणाला. "उष्णतेच्या साधनाला राखीव काय आहे?"

इथे अच्युतरावांचा घात झाला. प्रत्येक वस्तूला एक राखीव हवीच, हा त्यांचा बाणा होता. क्लबात नव्या पोरांना ते तासतास हेच शिकवत. त्यांच्या पिशवीत राखीव झाकण असे, राखीव पट्टा असे, आणि भिंग पुसायच्या राखीव फडक्यालाही एक राखीव फडके असे. समोर कॅमेरा उत्तराची वाट पाहत होता आणि राखीव नाही म्हणणे त्यांच्या जिभेला जमणारे नव्हते.

"मंदा," ते म्हणाले. "लिही. नावापुरतं."

मंदाताईंनी मान वर करून पाहिले आणि पुन्हा शेंगांचे दोर काढू लागल्या. संसारात त्यांना कोणी काही विचारून लिहून घेतले होते, अशातला भाग नव्हता.

"सौ. शिराळकर मला परिचित आहेत," कॅमेरा म्हणाला. "प्रकाश तपासण्यासाठी त्यांची पुष्कळ छायाचित्रे काढण्यात आली. तपासून झाल्यावर ती पुसण्यात आली."

हे खरे होते. कासच्या पठारावर, मेणवलीच्या घाटावर, घरच्या गच्चीवर, अच्युतराव आधी बायकोला उभी करत. "मंदा, जरा सरळ उभी राहा, प्रकाश बघू दे," म्हणत. बटण दाबत, पडद्यावर पाहत, आणि मग "हं, आता बाजूला हो" म्हणत. घराच्या भिंतींवर सह्याद्रीचे सगळे कडे होते. मंदाताई कुठेच नव्हत्या. लांबच्या सहलींना तर त्यांना नेण्याचा प्रश्नच आला नाही. "तुला काय करायचंय तिथं? थंडी, दगड आणि वारा," असे अच्युतराव म्हणत, आणि त्यांना ते काळजीपोटीच म्हणतोय असे वाटे.

"आता दोन्ही साधनांची चाचणी घेऊ," कॅमेरा म्हणाला.

दोन बॅटऱ्या फ्रीजरमध्ये सोललेल्या मटारच्या पिशवीखाली ठेवल्या गेल्या. चांगल्या गारठल्यावर एक अच्युतरावांनी बंडीच्या आतल्या खिशात घातली आणि एक मंदाताईंनी पोलक्यात ठेवून कुकर लावायला घेतला. अच्युतराव खुर्चीत ताठ बसले. निकालाविषयी त्यांना धाकधूक वाटायचे काही कारण नव्हते, तरी ती वाटत होती. या घरात कित्येक वर्षे एकच भांडण चालू होते आणि ते पंख्याचे होते. चाळिशी उलटल्यापासून मंदाताईंच्या अंगाची जी काहिली सुरू झाली ती थांबलीच नाही. पौषातही त्यांना पंखा लागे आणि अच्युतराव कानटोपी घालून भिंतीकडे तोंड करून झोपत. पाहुण्यांसमोर ते बायकोला भट्टी म्हणत आणि पाहुणे हसत.

कॅमेऱ्याने दोन्ही बॅटऱ्या पोटात घालून पाहिल्या.

"मुख्य साधन," तो म्हणाला. "बॅटरी जेमतेम जागी झाली आणि परत निजली. राखीव साधन. बॅटरी पूर्ण भरली आहे. ठेवली तेव्हा ती अर्धीच होती. मुख्य वस्तू नापास झाल्यास राखीव तिची जागा घेते, हे आपणच क्लबात शिकवता. जीपमध्ये जागा एकच आहे. सौ. शिराळकर येतील. आपण राहाल."

"अरे, पण..." अच्युतराव म्हणाले. त्यांनी तडक फडतऱ्यांना फोन लावला.

"काका, मी काय करणार?" फडतरे म्हणाले. "त्याचं काम त्याच्याकडे दिलंय. यंदाच्या पहिल्या खेपेला वाईच्या एकांचं पण असंच झालं बघा. ते राहिले आणि त्यांचा शेजारी आला. पैलवान माणूस. फोटोग्राफीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण फोटो काय आलेत, काका!"

"आणि ते वाईचे?"

"ते आहेत ना घरी. बरे आहेत."

पुढचे काही दिवस अच्युतरावांनी अंगात ऊब आणण्यात घालवले. सुंठ-मिऱ्याचा काढा घेतला, खजूर खाल्ले, कुरकुरत्या गुडघ्यांनी सूर्यनमस्कार घातले आणि निम्म्यात सतरंजीवरच बसून राहिले. शेवटी त्यांनी कधी न केलेली गोष्ट केली. शेकायची रबरी पिशवी शर्टाखाली बांधून ते फेरचाचणीला उभे राहिले.

"हे रबर आहे," कॅमेरा म्हणाला.

"अहो, ऐका ना," अच्युतराव म्हणाले. कॅमेऱ्याला ते अहो कधीपासून म्हणू लागले, हे त्यांच्याही लक्षात आले नाही. "इतकी वर्षं तुम्हाला जपलं. स्वतः भिजलो, पण तुमच्यावर थेंब पडू दिला नाही."

"त्याबद्दल समाधान आहे. पिशवी चांगली आहे, पण ती दर थोड्या वेळाने गरम करावी लागते. आपलेही तसेच आहे. दोन्ही राहतील."

आता एकच वाट उरली होती. राखीव साधनाने स्वतःच नकार दिला तर त्याचे नाव कमी होते, असे फडतऱ्यांनी सांगितले होते. त्या संध्याकाळी मंदाताई गच्चीवरचे कपडे काढत असताना अच्युतराव जिना चढून वर गेले.

"मंदा, तू नाही म्हण."

मंदाताईंनी चादरीची दोन टोके त्यांच्या हातात दिली आणि दुसरी दोन स्वतः धरली. "का हो?"

"का म्हणजे? माझं स्वप्न आहे ते. तुला त्यातलं काय कळतंय?"

"काही कळत नाही," मंदाताई म्हणाल्या. चादरीची घडी घालत त्या जवळ आल्या. "तिथं असतं तरी काय? तुम्ही कधी सांगितलंच नाही."

अच्युतरावांना वाटले, नीट समजावून सांगितले तर हिला आपली तळमळ कळेल आणि ही आपण होऊन नाव मागे घेईल. म्हणून त्यांनी सांगायला घेतले. पहाटे सरोवर आधी शाईसारखे काळे असते. मग पलीकडच्या हिमशिखराच्या फक्त टोकाला गुलाबी रंग लागतो आणि तो हळूहळू खाली उतरतो. पाण्यात तेच शिखर उलटे उभे राहते. वारा सुटायच्या आधी एक घटका अशी असते की पाणी कोणते आणि आभाळ कोणते हे सांगता येत नाही. झाड नाही, घर नाही, कुणी हाक मारणारे नाही. इतकी शांतता की स्वतःचा श्वास मोठा वाटतो. ते फार छान सांगत होते. आयुष्यात बायकोशी इतके छान ते कधी बोलले नव्हते, आणि हे त्यांना बोलताना जाणवत होते.

मंदाताईंनी चादर छातीशी धरली होती. त्या अजिंक्यताऱ्याकडे बघत होत्या.

"कुणी हाक मारणारं नाही?" त्यांनी विचारले.

"कुणी नाही."

"मग बघायलाच पाहिजे," मंदाताई म्हणाल्या आणि कपडे घेऊन खाली गेल्या.

अच्युतराव गच्चीवर उभे राहिले. त्यांना संताप आला, मग लाज वाटली, आणि मग पुन्हा संताप आला. हिला मी सगळे दिले, असे ते मनात म्हणत होते, पण नेमके काय दिले ते आठवायला गेले की कपडे वाळत घालायची दोरी तेवढी नजरेसमोर येत होती.

निघायच्या सकाळी बॅग बांधून तयार होती. मंदाताईंनी सुनेची पिसांची जाड जाकिटे मागवून त्यातले एक पसंत केले होते. बॅटऱ्या त्यांच्या पोलक्यात होत्या आणि कॅमेरा गळ्यात होता.

"उरलेल्या साहित्याची व्यवस्था राहिली आहे," कॅमेरा म्हणाला. "ओलाव्यापासून जपणूक व्हावी. बुरशी लागता कामा नये."

साताऱ्याच्या पावसाळ्यात भिंगांना बुरशी लागते, म्हणून अच्युतरावांनी खास काचेच्या दाराचे उंच कोरडे कपाट घेतले होते. आत बारीक दिवा होता आणि ओलावा दाखवणारा काटा होता. त्याला जागा करण्यासाठी मंदाताईंचे शिलाई मशीन माळ्यावर गेले होते. मंदाताईंनी खालच्या दोन फळ्या काढल्या, जड तिपाई कोपऱ्यात उभी केली, रबरी पिशवी वर ठेवली आणि म्हणाल्या, "या."

अच्युतरावांनी आधी चप्पल काढली. गुडघे मुडपायला त्रास झाला, तेव्हा मंदाताईंनी पाठीशी उशी सरकवली. ओलावा शोषणाऱ्या पुड्यांपैकी दोन त्यांनी नवऱ्याच्या शर्टाच्या खिशात घातल्या आणि एक कॉलरच्या आत सरकवली. हे सगळे त्या मायेने करत होत्या. तेच अच्युतरावांना सोसवेना.

"मंदा," ते म्हणाले, "पुढच्या वर्षी मला जाता येणार नाही गं."

"ठाऊक आहे मला."

"मग मला ने. कशीही ने. मी तिपाईला बांधायचे दगड उचलीन."

मंदाताईंनी नवऱ्याच्या कपाळावरचे केस मागे सारले. "तुम्हाला काय करायचंय तिथं?" त्या म्हणाल्या. "थंडी, दगड आणि वारा. आठवड्याचा तर प्रश्न आहे." त्यांच्या आवाजात खोच नव्हती. खरोखरची काळजी होती.

दार लागले. रबरी पट्टी अशी घट्ट बसली की बाहेरचा पंख्याचा आवाजही बंद झाला. अच्युतरावांनी सवयीने काट्याकडे पाहिले. काटा भिंगांना मानवेल तिथे होता.

काचेपलीकडे मंदाताईंनी बॅग खांद्याला लावली. दारापर्यंत गेल्या आणि काहीतरी आठवून मागे वळल्या. कॅमेरा डोळ्याला लावून त्यांनी डाव्या हाताने अच्युतरावांना सरळ बसायची खूण केली. अच्युतराव सरळ बसले. त्यांनी शर्टाची कॉलर नीट केली, ओठांवर थोडे हसू आणले आणि हनुवटी वर उचलली. सहलीच्या पहिल्या फोटोत आपण असू, या विचाराने त्यांचे डोळे भरून आले.

मंदाताईंनी बटण दाबले. पडद्यावर पाहिले, कॅमेऱ्याला काहीतरी विचारले, समाधानाने मान हलवली आणि अंगठ्याने फोटो पुसून टाकला.

खाली रिक्षा आली होती. त्या गेल्या.