चार धोरणं आणि एक श्रोता

ज्या संस्थेचं कोणी ऐकत नाही, तिला धोरण असावं लागतं. आमच्या गावच्या रेडिओ केंद्राला अडीच वर्षांत चार धोरणं होती, यावरून काय ते समजावं.

हे केंद्र २००७ साली बियाण्यांच्या जुन्या गोदामाच्या माडीवर सुरू झालं. चालवणारं विकास मंडळ, अध्यक्ष हौशीरामभाऊ, निवेदिका वृषाली. लहरी दहा किलोमीटर जात, म्हणजे इकडं पिंपळवंडी, तिकडं बोरी बुद्रुक. (वारा असला तर थोडं पुढं, असं भाऊ म्हणत.) केंद्रावर जाहिरात घ्यायची नाही अशी मंडळानं शपथ घेतली होती. कोणी देतच नसल्यामुळे ती शेवटपर्यंत पाळता आली.

पहिलं धोरण शेतीचं. त्यात एकच अडचण निघाली. जो सल्ला शेजाऱ्यानंही ऐकला, तो सल्ला राहत नाही. वृषालीनं सांगितलं, यंदा कांदा नको, लसूण लावा. बाकीचे सगळे लसूण लावणार हे प्रत्येकानं ओळखलं आणि गुपचूप कांदा लावला. त्या साली आमच्या शिवारात लसूण औषधाला सापडला नाही. ‘पीकपद्धतीवर केंद्राचा खोल परिणाम झाला’ अशी नोंद करून धोरण बंद करण्यात आलं.

दुसरं धोरण भक्तीचं. दहा किलोमीटरांत एकोणीस भजनी मंडळं बसत होती. प्रत्येक मंडळ आपली पाळी भक्तीनं ऐके आणि दुसऱ्याची त्याहून लक्ष देऊन. पाच महिन्यांत चौसष्ट पत्रं आली. त्रेसष्ट पत्रांत दुसऱ्या मंडळाचा पखवाज कुठं चुकला ते लिहिलं होतं. उरलेलं एक विजेच्या कचेरीचं होतं, ते चुकून आलं.

तिसरं धोरण तरुणांचं, फर्माइशी गाण्यांचं. ते नऊ दिवस चाललं. नवव्या दिवशी वृषालीनं वाचलं, ‘फाट्यावरच्या एका मित्राकडून राखीसाठी’. आमच्या टापूत तेव्हा राखी नावाच्या सहा मुली होत्या. दुपारपर्यंत सहाही बाप माडीवर हजर झाले. ‘आवाज तरुणांपर्यंत पोचला’ अशी नोंद झाली.

चौथं धोरण कोणी ठरवलं नाही, म्हणून ते चाललं. एका सकाळी गाणी लावायचं यंत्र अडकलं. वृषालीला मोकळा वेळ भरायचा होता. टेबलावर दशक्रियेचा कागद पडला होता, तो तिनं वाचून टाकला. कोण वारले, दहावा कधी, घाट कोणता. त्या दिवशी घाटावर नऊशे माणूस जमलं. दुसऱ्या दिवसापासून सकाळी पावणेसातला दशक्रियांच्या सूचना सुरू झाल्या, आणि तेवढा वेळ गावात म्हशीसुद्धा हळू रवंथ करू लागल्या.

इथं बाहेरच्या वाचकासाठी खुलासा करतो. आमच्याकडं लग्नाला नाही गेलं तर चालतं. दशक्रियेला नाही गेलं तर बारा वर्षं अबोला. त्यातून सुटायला एकच वाट, पूर्वजांनी राखलेली: ‘आमाला कळलंच न्हाई.’ या तीन शब्दांवर निम्म्या तालुक्याची सोयरीक उभी आहे. केंद्रानं नेमके तेच काढून घेतले.

याचा आनंद फक्त साळुबाईला झाला. मूलबाळ नाही, वय अठ्ठ्याहत्तर, वस्ती बांधावर. ९३ साली नवरा रखमाजी गेला, तेव्हा दहाव्याला अकरा माणसं आली. त्यातली दोघं रस्ता विचारायला थांबली होती. बाकी गावाला कळलंच नाही. (कावळा मात्र न सांगता आला आणि लगेच शिवला.) म्हातारी तेव्हापासून एकाच काळजीत होती, की आपल्या वेळी तरी घाट भरावा. एक दिवस ती काठी टेकत माडीवर आली.

“पोरी, माझं बी आत्ताच बोलून ठेव.”

“आजी, तुम्ही तर चांगल्या धडधाकट आहात!”

“म्हून तर आले. मेल्यावर ह्यो जिना मला चढवंल व्हय?”

वृषालीनं तारीख सोडून सगळं बोलून ठेवलं. म्हातारीनं ते दोनदा ऐकलं आणि एक दुरुस्ती सुचवली. “साताची नको, साडेसाताची येळ घाल. साताला लोक धारा काढत्यात. तेवढंच निमित्त व्हतंय.”

पुढं परवान्याची मुदत वाढवायची वेळ आली. श्रोते मोजायला वरून एक साहेब आले आणि चारशे बारा उंबरे फिरले. पहिला उंबरा सावळेरामचा. गोठ्यात रेडिओ चालू होता.

“रेडिओ ऐकता का?”

“न्हाई बा.”

“मग हा कुणाचा?”

“ह्यो म्हशीचा. लावला की पान्हा सोडती.”

सावळेरामची अडचण साहेबांना कळण्यासारखी नव्हती. हो म्हणावं, तर मंगळवारी चुलत्याच्या दहाव्याला का गेला नाहीस, हा प्रश्न दारात उभा. तीच अडचण पुढच्या प्रत्येक उंबऱ्यावर होती. आळे गावातल्या दुकानदार झुंबरलालशेठनं तीनशे नव्वद रेडिओ विकले होते. त्यांनीही गिऱ्हाइकाची अब्रू राखली. म्हणाले, “साहेब, ते समदे पावण्यांना द्यायला नेले.”

साळुबाई म्हणाली, “मी ऐकते. समदेच ऐकत्यात.” साहेबांनी पहिलं वाक्य घेतलं आणि दुसरं ऐकीव म्हणून खोडलं.

अहवाल असा: श्रोते, माणसं एक, म्हशी सदतीस.

२००९ च्या अखेरीस केंद्र बंद झालं. गावाला फार वाईट वाटलं. जो तो हौशीरामभाऊंना भेटून सांगू लागला, “भाऊ, त्या मोजणीवर परवाना हाये हे आमाला कळलंच न्हाई, न्हाईतर नाव दिलं असतं राव.” भाऊंनी सगळ्यांना चहा पाजला.

साळुबाईची सूचना अजून यंत्रात आहे आणि यंत्राला कुलूप आहे. परवा ती माझ्या ओट्यावर आली. “यंत्र बंद झालं, पर तुला लिवाय येतं ना? मग लिव,” म्हणाली. म्हणून केंद्राचा हा इतिहास लिहिला. खरं काम पुढच्या ओळीत आहे.

साळुबाई रखमाजी यांचा दशक्रिया विधी कुकडीच्या घाटावर सकाळी साडेसात वाजता होईल. तारीख अजून ठरलेली नाही. बाई रोज दोन भाकरी खातात, तेव्हा घाई नाही, पण अधूनमधून चौकशी करत राहावी.

तुम्ही इथपर्यंत वाचलंत, याची नोंद झाली आहे. यापुढं ‘आम्हाला कळलंच नाही’ म्हणण्याची सवलत तुम्हाला मिळणार नाही. घरी म्हैस असेल, तर गोष्ट वेगळी.