कागदावरचा साकव

सहदेव मास्तरांनी कापडे गावच्या साकवाचं उद्घाटन सोमवारी सकाळी न्याहारीच्या आधीच उरकलं. समारंभ बुधवारी होता.

मास्तरांना नावं ठेवण्याआधी टपालाचं गणित समजून घ्या. साल एकोणीसशे एकतीस. मास्तर पोलादपुरात शाळा सांभाळत आणि मुंबईच्या 'दवंडी' साप्ताहिकाला बातम्या पुरवत. सोमवारचं टपाल गाठलं तरच मजकूर शनिवारच्या अंकात यायचा. म्हणून बुधवारचे समारंभ ते सोमवारीच लिहून टाकत. सात वर्षांत कोणाची तक्रार आली नाही. अध्यक्ष उठतात, बोलतात, हार घालून घेतात, बसतात. त्यात ऐन वेळी बदलण्यासारखं असतं काय? एकदा तर म्हणे एक अध्यक्ष भाषण विसरले आणि व्यासपीठावरून खाली वाकून त्यांनी मास्तरांनाच विचारलं, "पुढं मी काय म्हणालो हो?"

साकवाची बातमी मात्र खास रंगली होती. कापड्याच्या ओढ्यापलीकडे पाच घरांची वाडी. पावसाळ्यात ओढा फुगला की वाडी चार महिने तुटायची. आता महाडच्या कचेरीनं पायी जायच्या पुलाला लाकडं मंजूर केली होती. मास्तरांनी लिहिलं, "वाडीतील वृद्धा ठमाबाई यांनी प्रथम साकव ओलांडला, तेव्हा त्यांच्या नेत्रांतून आनंदाश्रू घळघळा वाहिले."

मंगळवारी महाडहून लाकडं घेऊन निघालेल्या गाडीवान मुख्तारच्या बैलगाडीचा आस मोडला. लाकडं पुन्हा वखारीत गेली, समारंभ लांबणीवर पडला. मास्तरांनी मनाची समजूत घातली, 'आठ दिवसांत होईलच की. थोडं आधी छापलं, एवढंच!'

पुढच्या आठवड्यात ठमाबाई शाळेच्या पायरीवर हजर. हातात पोस्टकार्ड.

"मास्तर, मी रडले म्हनं?"

"कोण म्हणतं?"

"माझा ल्योक. परळात खोलीवर कागद वाचलान न् कारड धाडलान. 'आये, साकव झाला, आता तुळसाची काळजी मिटली.' तुळसा म्हंजे माझी सून. आषाढात बाळंत व्हायची हाय. सुईन ऱ्हाते ओढ्याच्या अलीकडं. आता सांगा, तिला नेऊ कशी? तुमच्या कागदावर पाय ठेवून?"

वर्गातली पोरं हसली. मास्तरांचे कान तापले.

"लाकडं येतील, ठमाबाई."

"कवा? जावा, इचारा तरी."

मास्तर महाडला कचेरीत गेले. कारकुनानं कागदांचं बासन सोडलं.

"कापडे? ते काम पुरं झालं."

"कुठे झालं?"

"हे पाहा, छापून आलंय." बासनात 'दवंडी'चं कात्रण नीट टाचलेलं होतं. "म्हणून तुमची लाकडं नाते गावाला दिली."

"अहो, पण तिथे साकव नाही! मी डोळ्यांनी पाहिलंय!"

"तुम्ही पाहिलं ते तोंडी. हे छापील."

"छापील खोटं आहे!"

"असं? मग 'मी न पाहता लिहिलं' असा त्या वार्ताहराचा लेखी जबाब आणा. ओळखता का त्याला?"

मास्तरांनी छत्री उघडली. कचेरीच्या आत, छपराखाली.

"ओळखतो थोडासा," ते छत्रीमागून म्हणाले.

"माणूस कसा आहे?"

"इतके दिवस... बरा वाटत होता."

मग त्यांनी कागद मागितला आणि उभ्या उभ्या जबाब लिहून दिला. कारकुनानं सही वाचली, छत्रीकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "अरेरे! आमच्या घरी दर शनिवारी 'दवंडी'ची वाट पाहतात हो."

चार शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

"मग लाकडं?" मास्तरांनी विचारलं.

"ती नाते गावच्या ओढ्यावर चढलीसुद्धा. नवी मंजुरी आता दिवाळीनंतर."

मास्तर पोलादपूरला पोचायच्या आत बातमी पोचली होती. खरी बातमी मोटारीची वाट पाहत नाही. चहाच्या दुकानातून हाक आली, "मास्तर, उद्या पाऊस पडला काय?" दुसरा म्हणाला, "न् फुडल्या शिमग्याची पालखी कशी झाली? गर्दी होती ना?" मास्तर छत्री न मिटता घरात शिरले, ती दारात अडकली.

घरामागे वडिलांनी लावलेले दोन सरळसोट फणस होते. मास्तर कुऱ्हाड शोधू लागले, तशी त्यांची बायको आनंदीबाई आडवी आली.

"अहो, सासऱ्यांची झाडं ती! एवढी लाज वाटते तर दुरुस्ती छापा की!"

"छापीन. पण सुईण तिच्यावरून पलीकडे जाईल का?"

मग तिनंच कोनाड्यातली कुऱ्हाड काढून दिली.

मुख्तारनं नव्या आसाच्या गाडीवरून खोडं ओढून नेली. कापड्याच्या लोकांनी चार दिवसांत साकव उभा केला. मास्तरांनी धोंडे वाहिले. खडूशिवाय काही न धरलेल्या हातांना फोड आले. अध्यक्ष नव्हते, हार नव्हते. सगळ्यांनी ठमाबाईला पुढं केलं. ती मध्यावर जाऊन थांबली. दोन्ही काठ तिच्या डोळ्यांकडे टक लावून बघू लागले.

"काय बघताव रे? मी नाय रडायची!"

ती तरातरा पलीकडे गेली आणि तिकडे तोंड करून तिनं पदर डोळ्यांना लावला. मास्तरांना ते दिसलं. त्यांचा हात सवयीनं खिशातल्या पेन्सिलीकडे गेला. तो त्यांनी काढून घेतला आणि ते खाली ओढ्याकडे बघत राहिले.

आषाढात ओढा दोन्ही काठ भरून वाहत होता, तेव्हा सुईण साकवावरून गेली. तुळसाला मुलगी झाली. मास्तर भिजत साकवापाशी उभे होते. घरी येऊन त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहून बातमी लिहिली. मागची खोटी होती हेही लिहिलं आणि खाली स्वतःचं नाव घातलं.

दहा दिवसांनी संपादकांचं कार्ड आलं. "कापड्याच्या साकवाची बातमी दोन महिन्यांपूर्वीच छापली आहे. 'दवंडी' शिळ्या बातम्या घेत नाही. इतःपर पाहत बसण्यात वेळ दवडू नये."

मास्तर कार्ड घेऊन वाडीत गेले आणि मान खाली घालून ठमाबाईला वाचून दाखवलं. ती नातीला मांडीवर घेऊन बसली होती.

"म्हंजे ह्यो साकव कागदात नाय येनार?"

"नाही, ठमाबाई."

"खरंच नाय?"

"अगदी नाही."

ठमाबाईनं सुटकेचा श्वास सोडला. "बरं झालं, मास्तर. मंग टिकंल."