थॉर्नबेकची एक फळी

उत्तर इंग्लंडातल्या थॉर्नबेक गावचा लाकडी पूल एक फळी बदलण्यासाठी तात्पुरता बंद करण्यात आला, त्याला चौदा महिने झाले होते. पलीकडच्या काठावर म्युरियल ॲक्रॉइडबाईंची थोरली बहीण ईनिड राहायची. ती पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि घरातच अडकली. पुलावरून पाच मिनिटांची वाट. आता बसने अकरा मैलांचा वळसा, आणि बस फक्त गुरुवारी. एरवी दोघी आपापल्या खिडकीतून हात हलवायच्या. म्युरियलबाईंचा जीव तीळ तीळ तुटायचा.

त्यांनी गावचा कारभार पाहणाऱ्या परिषदेला एका ओळीचं पत्र लिहिलं, "पूल कधी उघडणार?" उत्तर दोन पानी आलं. त्यात म्हटलं होतं की, सर्व संबंधितांशी सकारात्मक विचारविनिमय योग्य त्या टप्प्यावर असून, पूल उघडण्याची शक्यता नसल्याचे सद्यःस्थितीत म्हणता येत नाही. बाईंनी चष्मा पुसून ते चौथ्यांदा वाचलं आणि पोस्टकार्डावर एकच शब्द लिहून धाडला, "वॉफल!"

भरमसाट बोलायचं आणि मुद्द्याला हात लावायचा नाही, याला तिकडे वॉफल म्हणतात. शेंबड्या पोरालाही कळतं. पण परिषदेचे कारकून लम्ली यांच्यापुढे पेच पडला. प्रत्येक तक्रार ठरलेल्या विषयाखाली नोंदवायची, असा नियम. यादीत खड्डे होते, कचरा होता, कुत्री होती. वॉफल नव्हतं.

"साहेब, हे कशात घालू?"

"आधी अर्थ ठरवा, लम्ली," अध्यक्ष पिकर्सगिल म्हणाले. "उगाच अंगाशी यायचं!"

झालं! अर्थनिश्चिती उपसमिती बसली. दोन भाषातज्ज्ञ आले, त्यांनी बिस्किटं संपवली. एकाच्या मते हा शब्द मुळात छोट्या कुत्र्याच्या भुंकण्याचा. दुसऱ्याच्या मते, स्कॉटलंडच्या बाजूला तो डळमळण्यासाठी वापरत.

"मग भुंकणं लिहू की डळमळणं?" लम्लींनी काकुळतीने विचारलं.

"दोन्हींना आपापल्या जागी वजन आहे," तज्ज्ञ एकसुरात म्हणाले.

चाळीस पानी अहवाल एकमताने मंजूर झाला. 'सदर शब्दाचा उगम भुंकण्यात असावा. नसल्यास तो अन्यत्र असण्यास समितीची हरकत नसावी.' भुंकणं म्हटल्यावर पोस्टकार्ड कुत्रे विभागात गेलं आणि तिथला माणूस पट्टा घेऊन बाईंच्या दारात हजर झाला.

"कुत्रं कुठंय, बाई?"

"अहो, माझ्याकडे कुत्रं नाही. मला बहीण आहे!"

त्याने तशी नोंद केली.

आता मात्र बाई पेटल्या. टोपी चढवून थेट जाहीर सभेत गेल्या. पिकर्सगिलही एव्हाना या प्रकरणाला कंटाळले होते, आणि माणूस तसा वाईट नव्हता.

"बाई, फळी तयार आहे, सुतार बसून आहे. नागरिकाची मागणी तेवढी नोंदली की उद्या काम सुरू. तुम्हाला पूल हवाय का? हो की नाही, एवढंच सांगा."

सगळं सभागृह बाईंकडे वळलं. त्यांना 'हवाय, आजच हवाय!' असं ओरडावंसं वाटत होतं. पण चारचौघांत स्वतःसाठी काही मागायचं म्हणजे शोभा, हे अठ्ठ्याहत्तर वर्षांचं वळण आडवं आलं. कान लालेलाल झाले.

"तसं काही नाही... म्हणजे, कुणाची गैरसोय होणार नसेल, तर माझी काही ना नाही. पण माझ्यासाठी म्हणून मुद्दाम नको हं."

लम्लींनी लिहिलं, 'मागणी नाही.' प्रकरण निकाली निघालं. सुताराला घरी पाठवलं.

गुरुवारी बाई वळसा घालून ईनिडकडे पोचल्या. ईनिड उशीवरून अर्धी उठली.

"काय गं, सांगितलंस ना त्यांना स्पष्ट?"

"अगदी तोंडावर!" म्युरियलबाई म्हणाल्या आणि घाईघाईने तिची चादर नीट करू लागल्या.

हसा, हसा. पण परवा भर उन्हातून पाहुणे म्हणून गेलात, घशाला कोरड पडली होती, आणि "चहा टाकू ना?" असं विचारल्यावर "छे छे, कशाला उगाच!" कोण म्हणालं? लम्ली तिथे असते, तर तुम्ही अजून तहानलेलेच असता.