पडदा उघडण्याचं परमिट

पोलाद कारखान्याच्या सेफ्टी विभागातून छत्तीस वर्षांनी निवृत्त झालेल्या आनंदरावांनी स्मृति नगरातल्या आपल्या घरामागे बायकोसाठी पॉलीटनेल उभारलं. वाकवलेल्या पाइपांच्या कमानी, वर दुधी प्लास्टिक आणि बाजूंना गुंडाळून वर करायचे पडदे. आत शेवंताबाईंनी भिवापुरी मिरचीचं बी पेरलं. हे बी त्यांच्या आईने वर्षानुवर्षं राखलेलं. आई गेल्यावर पुरचुंडीत जेवढं उरलं, तेवढं सगळं त्यांनी वाफ्यात टाकलं. रोपं बोटभर झाली.

पण यंत्रणेशिवाय काम म्हणजे आनंदरावांच्या मते निव्वळ गुंडगिरी. त्यांनी दारावर रजिस्टर टांगलं. आत जाताना हेल्मेट सक्तीचं केलं. टनेल साडेपाच फुटांचं असल्याने हेल्मेटं घासून प्लास्टिकला दोन भोकं पडली. मग भोकांवर कमिटी बसली. तीत शेजारचे दोन निवृत्त सहकारी होते, रोलिंग मिलचे शामराव आणि कोक ओव्हनचे कृष्णराव. ठराव झाला: यापुढे पडदा वर करायला परमिट लागेल, त्यावर तिघांच्या सह्या आणि पडद्याला तिघांची तीन कुलपं. ज्याची त्याची किल्ली ज्याच्या त्याच्या खिशात. निवृत्तीनंतर प्रथमच तिघांनाही सकाळी दाढी करावीशी वाटली.

फेब्रुवारीअखेर एका दुपारी ऊन एकदम चढलं.

"अवो, रोपं माना टाकून राहिली. पडदा वर करू द्या मले," शेवंताबाई म्हणाल्या.

"परमिट?"

"मिरचीले कायचं परमिट?"

"तुले नाही समजत. माझ्या सेक्शनमधी छत्तीस वर्षांत एकाचं बोट नाही गेलं. कावून? विना परमिट मी कोणाले हात लावू नाही देल्ला."

यात खोटं काही नव्हतं. त्या शाबूत बोटांचा आनंदरावांना खराखुरा अभिमान होता. बायकोवर प्रेमही होतं, म्हणून तर तिला सवलत देऊन तिचा अपमान करणं त्यांना जमेना.

दोन सह्या झाल्या, दोन कुलपं उघडली. कृष्णराव मात्र किल्लीसकट दुर्गला, मोहन नगरात, भाचीच्या साखरपुड्याला गेलेले. फोनवर म्हणाले, "यार, अभी तर पंगत बसली. निघतोच."

"तोवर टेम्परेचर तर लिहून ठेवू," शामराव म्हणाले.

दर दहा मिनिटांनी नोंद झाली. बेचाळीस. सेहेचाळीस. एक्कावन्न. अक्षर वळणदार होतं. आसपासच्या गच्च्यांवर माणसं जमली आणि वरून सल्ले टाकू लागली. शेवंताबाईंनी प्लास्टिक फाडायला विळा आणला, तर आनंदराव आडवे आले.

"फाडशील तर नवी कमिटी बसन!"

"बसू द्या! माझ्या मायचं बी हाये ते!"

सव्वातीनला कृष्णराव आले. त्यांनी सही केली, पण तारखेच्या रकान्यात. नवं परमिट भरलं गेलं. मग पडदा नियमानुसार वर झाला.

रोपं उकडलेल्या पालकासारखी वाफ्यावर पसरली होती. शेवंताबाईंनी एकेक रोप बोटाने उभं करून पाहिलं. एकही उभं राहिलं नाही.

संध्याकाळी चौकशी झाली. मनुष्यहानी: शून्य. नियमभंग: शून्य. लिहिता लिहिता आनंदरावांना रडू आलं. थेंब अहवालावर पडला, म्हणून दुसरी प्रत करावी लागली.

शेवटचा रकाना 'प्रत्यक्षदर्शी' असा होता. गच्च्यांवरचा एकही जण सही करायला उतरला नाही. "हमने तो बस देखा," असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. रकाना अजून रिकामा आहे. तुम्ही तर त्यांच्याहूनही जवळून पाहिलंत, आणि मधूनमधून हसलातही. हे घ्या पेन.