वकीलसाहेबांचं सुकाणू

तुम्हाला म्हणून सांगतो, माझ्या हातानं बसवलेला सांधा आजवर हललेला न्हाई! जुन्या जालन्यात कुणालाबी विचारा. पुंजाराम सुताराची बैलगाडी नाल्यात घाला, दगडांवरून न्या. बैल थकतील, गाडी कुरकुरणार न्हाई. ही बढाई न्हाई. खरं हाय म्हणून सांगतो.

हे साऱ्या गावाला मान्य होतं, एक माणूस सोडून. माझे सासरे! बदनापूरचे रखमाजी मिस्त्री, तेबी सुतारच. लग्नाला बारा वर्षं झाली व्हती, तरी ते मला गोड आवाजात 'जावईबापू' म्हणत. 'मिस्त्री' एकदाबी न्हाई! भांड्याला कल्हई करणाऱ्यालासुद्धा मिस्त्री म्हणायचे, अन् मी आपला जावईबापू! लई जिव्हारी लागायचं मला.

अशात एक दिवस शरदचंद्र वकील माझ्या दारात आले. निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. वकीलसाहेबांना हैदराबादला शिकताना शिडाच्या होडीचा नाद लागला. शिक्षण संपलं, नाद ऱ्हायला. होडी रेल्वेनं आणून मोती तलावात सोडली. पावसाळाभर ती तिथंच पडून होती. त्यांच्या हातात एक कुजलेली फळी होती.

"पुंजाराम, हे होडीचं सुकाणू. पाण्यानं पार खराब झालंय. नवं करून दे."

"पाण्यानं?" मला हसूच आलं. "पाण्यानं लाकूड खराब होतं व्हय साहेब? घट्ट होतं!"

खोटं सांगतो का? उन्हाळ्यात गाडीची चाकं वाळून खुळखुळायला लागली, की आम्ही गाडी पाण्यात उभी करतो. लाकूड फुगतं, चाक ठणठणीत! पाणी म्हंजे लाकडाचं औषध.

वकीलसाहेब समजावून सांगायला लागले. "होडीच्या मागच्या फळीला दोन लाकडी कान आहेत. त्यांत ह्याचा दांडा फिरला पाहिजे. हे वळलं की होडी वळते. तेव्हा जरा सैल ठेव."

सैल! अन् हे मला! अंगाचा तिळपापड झाला, पण वकील पडले. "तुम्ही बिलकुल फिकीर करू नका," एवढंच बोललो.

जुन्या बाभळीचं कडक वाळलेलं लाकूड काढलं. आठ दिवस तासून राह्यलो. सुकाणू असं देखणं झालं, की बघत बसावं. बायको सोनूबाई मधेच म्हणाली, "अहो, साहेब सैल म्हणाले व्हते ना?"

"साहेबाला कायदा कळतो. लाकूड मला कळतं!"

"मंग माझ्या आबांना दसऱ्याला कशाला बोलावून राह्यलात?"

"बघू दे त्यांनाबी, जावई काय चीज हाय ते!"

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तलावावर जाऊन दांडा कानांत मोगरीनं ठोकून बसवला. जोर लावला की कुरकुरत फिरत होता. मला ती कुरकुर खपेना. म्हटलं, रातभर पाणी पिऊ दे, सकाळी कसं गच्च होतंय बघा!

दसऱ्याला सकाळीच काठावर ही गर्दी! वकीलसाहेब होडीत चढले. मी चढलो. आबा नवा फेटा बांधून आल्ते, त्यांना मानानं मधी बसवलं. वारा आला, शीड फुगलं, होडी निघाली. माझी छाती शिडापेक्षा जास्त फुगली.

तळ्याच्या मधी गेल्यावर वकीलसाहेबांनी सुकाणूची दांडी ओढली. पुन्हा ओढली.

"पुंजाराम, हे हलत नाहीये!"

"हलणारच न्हाई, साहेब!" मी आबांकडं बघत जोरात म्हणालो.

"अरे, पण हलायला पाहिजे ना!"

आता हे आधी कुणी नीट सांगितलं व्हतं का? सांगितलं व्हतं. पण ते जाऊ द्या! रात्री सुकाणू जरा डावीकडं वळलं असणार, अन् तसंच फुगून बसलं. होडी डावीकडं वळली. वळतच राह्यली. एक चक्कर झाली, दुसरी झाली. काठावर टाळ्या पडायला लागल्या! "वाहवा वकीलसाहेब! आणखी एक!"

वकीलसाहेबांनी मदतीला हात हलवले. लोकांनीबी हात हलवले. सोनूबाईनं तर पदर हलवला.

"जावईबापू," आबा होडीची कड धरून म्हणाले, "ह्ये कवा थांबतंय?"

"वारा पडला की, आबा."

"अन् वारा कवा पडतोय?"

सहाव्या चकरीला वकीलसाहेब ओरडले, "धर दांडी! दोघं मिळून ओढू!" आम्ही पाय रोवले. एक, दोन, तीन! काडदिशी आवाज झाला अन् मी डोळे गच्च मिटले. वाटलं, सांधा गेला! बारा वर्षांची अब्रू गेली! डोळे उघडून बघतो तर सांधा जागच्या जागी! होडीची मागची फळीच त्याच्यासंगं उखडून आल्ती.

मंग व्हायचं तेच झालं. होडी बुडाली. नशीब, पाणी छातीइतकंच व्हतं. चिखल तुडवत तिघं काठावर आलो, फळीसकट सुकाणू खांद्यावर घेऊन.

आबा खाली बसले. मिशांतून पाणी ठिबकत व्हतं. फळीवर पाय दिला अन् सुकाणू ओढलं. हललं न्हाई. दगडानं ठोकलं. हललं न्हाई. सांध्यावरून अंगठा फिरवला, माझ्याकडं बघितलं.

"बराबर बसवलंय, मिस्त्री!"

काय सांगू तुम्हाला! डोळे भरून आले माझे. शेजारी वकीलसाहेब कुडकुडत उभे व्हते, त्यांची टोपी तळ्यात तरंगत व्हती, मला कशाचं भान न्हाई. मिस्त्री! साऱ्या गावासमोर!

आबा उठले अन् वकीलसाहेबांपुढं हात जोडले. "होडी मी नीट करून देतो, साहेब. आमचे जावई लई मोठे मिस्त्री हायेत. तवा जे हलायला पाहिजे, त्याला तेवढा त्यांचा हात लागू देऊ नका!"

संध्याकाळी सोनं वाटता वाटता हे गावभर झालं. आता सगळे मला मिस्त्रीच म्हणतात. मान हाय, कामबी भरपूर हाय. फक्त गाड्या दुसऱ्याकडं जातात. दारं, खिडक्या, पाळणेबी दुसऱ्याकडं जातात. माझ्याकडं येतात त्या नुसत्या चौकटी!