लाल गाडी आणि मावशीचे फणस

“एक वेळ रेवदंड्याची खाडी आटेल, पण मी ती पांढरी गाडी घेणार नाही!”

यज्ञेश्वर वर्तकांनी हे इतक्या जोरात जाहीर केलं की बशीतला निम्मा चहा पेपरवर सांडला. समोर मधुवंतीबाई अडकित्त्याने सुपारी कातरत बसल्या होत्या. त्यांचा हात काही थांबला नाही.

“आधी पेपर पुसा,” त्या म्हणाल्या.

वर्तक सर रेवदंड्याच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवून नुकतेच निवृत्त झाले होते. घराला लागून नारळ-सुपारीची वाडी, मुलगी क्षिप्रा लग्न होऊन नाशिकला, आणि घरात उरली दोन माणसं. दोन माणसांना दोन सीटची गाडी! यात न समजण्यासारखं काय आहे, असं सरांचं म्हणणं. आणि गाडी तरी कशी? लाल! बुटकी, लांब नाकाची, छप्पर मागे सरकणारी! मुंबईच्या कुणा साहेबांनी ती काशीदच्या बंगल्यावर ठेवली होती. साहेबांची हौस फिटली, आणि अलिबागला जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या विनेशने ती नेमकी सरांना दाखवली. त्या दिवसापासून सरांना जेवण गोड लागेना.

हे तुम्ही हसण्यावारी नेऊ नका. या माणसाने आधी सायकल, मग स्कूटर आणि मग चढावर धापा टाकणारी एक जुनाट गाडी, एवढ्यावर जन्म काढला होता. चौथीत असताना अशीच एक लाल उघडी गाडी त्यांच्या अंगावर धुरळा उडवून गेली होती. तो धुरळा अजून त्यांच्या डोळ्यांतून गेला नव्हता. आयुष्यात हट्ट म्हणून करायचा तो हा एकच, आणि तो आत्ताच! पुढे कंबर परवानगी देईल न देईल.

मधुवंतीबाईंचे गुडघे तर आत्ताच देत नव्हते.

“त्या गाडीत बसायचं म्हणजे पाटावर बसल्यासारखं,” त्या म्हणाल्या. “आणि सुपारीची पोती कुठे ठेवायची? तुमच्या मांडीवर? पांढरी गाडी बघा कशी उंच आहे! सात माणसं बसतात.”

“पण आहोत कुठे आपण सात?”

“पोती आहेत ना!”

शेवटी मधुवंतीबाईंनी अडकित्ता खाली ठेवला. तो खाली ठेवला की निकाल लागतो, हे सरांना माहीत होतं.

“हे बघा, विनेश रविवारी गाडी चालवून बघायला देतोय ना? मग त्या गाडीने आपण दिवेआगरला आनंदीमावशीकडे जाऊ. सकाळी जायचं, संध्याकाळी परत. मावशी देईल ते सगळं घेऊन यायचं आणि वाटेत कुणाची मदत मागायची नाही. जमलं तर घ्या तुमची लाल. नाही जमलं तर गाडी मी ठरवणार.”

“लागली शर्त!” सर गरजले. “अगं, मी भूगोलाचा माणूस! चढ-उतार, भरती-ओहोटी मी पोरांना शिकवलीय. मला कुणाची मदत लागणार?”

रविवारी सकाळी लाल गाडी दारात उभी राहिली. मधुवंतीबाई आधी टेकल्या, मग त्यांनी एक पाय आत घेतला, “आई गं” म्हटलं, मग दुसरा घेतला. सरांनी सुरू करायचं बटण दाबलं आणि गाडी अशी काही गुरगुरली की शेजारच्या माडावरचे कावळे उडाले. काशीदच्या वळणावर पर्यटक वळून वळून बघत होते. सरांनी काळा चष्मा लावला होता. तो क्षिप्राचा होता आणि त्याच्या काड्यांवर चकचकीत खडे होते, पण सरांना त्याची पर्वा नव्हती.

आगरदांड्याला खाडी ओलांडून दिघीला जायचं तर गाडी फेरीबोटीत घालावी लागते. बोटीचा लोखंडी रॅम्प धक्क्याच्या उतरणीवर टेकतो आणि त्यावरून गाड्या आत जातात. लाल गाडी लोण्यासारखी आत गेली.

“बघितलंस? भरती!” सर म्हणाले. “भरतीला बोट वर येते, रॅम्प जवळजवळ सपाट होतो. मी मुद्दाम ही वेळ साधली. याला म्हणतात भूगोल!”

मधुवंतीबाईंचं लक्ष भूगोलाकडे नव्हतं. त्या गाडीच्या गिअरकडे बघत होत्या. लग्नाआधी दिवेआगरला त्यांच्या वडिलांची जीप असे. सुपारी भरून ती बोर्लीच्या बाजारात न्यायचं काम मधुवंतीकडे होतं. त्या काळी गावात जीप चालवणारी ती एकटीच मुलगी. पण ही गोष्ट इतकी जुनी झाली होती की घरात कुणी तिचं नावही काढत नसे.

दिवेआगरला आनंदीमावशी काठी टेकत अंगणात आल्या. त्यांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली.

“छान आहे हो, जावईबापू. बाकीची कधी येणार?”

“बाकीची म्हणजे?”

“मागची! जिथं माणसं बसतात ती!”

मग मावशींनी आग्रह कर-करून आमरस वाढला. सरांनी तो वाटीने मोजायचं सोडून दिलं. त्यानंतर ओटीवरच्या वाऱ्यात सरांना जी झोप लागली, ती चहाच्या वासानेच मोडली. डोळे चोळत बाहेर येऊन बघतात तो काय! मावशींनी ओळीने सामान मांडलं होतं. दोन थोरले फणस, नारळांचं गच्च पोतं, केळीचा घड, आमसुलांची बरणी, पोह्याचे पापड आणि सुपारीची चार रोपं, मुळाच्या मातीसकट.

आता आपल्याकडे मावशीने दिलेलं नको म्हणायची सोय नसते. एकदा एका भाचेजावयाने जागा नाही म्हणून नुसता नारळ परत केला होता. मावशी अजून त्याचं नाव घेत नाहीत, “तो नारळवाला” म्हणतात.

“घ्या ना,” मधुवंतीबाई गोड हसून म्हणाल्या. “सगळं घ्यायचं ठरलंय आपलं.”

सरांनी डिकी उघडली. तिच्यात एक फणस मावला. नारळाचं पोतं आणि दुसरा फणस सीटांच्या मागच्या फटीत कोंबला. घड मधुवंतीबाईंच्या मांडीवर, बरणी आणि पापड पायाशी, आणि रोपं उघड्या छपरातून बाहेर डोलायला लागली. गाडी बसली ती बसलीच! जमीन आणि गाडी यांच्यामधून मांजर सरपटत गेलं असतं, पण मोठ्या बोक्याला विचार करावा लागला असता.

“जमलं!” सर घाम पुसत म्हणाले.

दिघीला पोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. धक्क्यावर बरीच गर्दी. आधी बर्फाचा टेम्पो चढला. हळदीच्या कार्यक्रमाला निघालेली गणराजची बँजो पार्टी चढली. सुक्या मासळीची टोपली घेऊन मैना कोळीण चढली. मग सरांची पाळी. सरांनी काळा चष्मा चढवला आणि गाडी उतरणीवर घेतली.

“अहो,” मधुवंतीबाई म्हणाल्या, “बोट सकाळपेक्षा खाली नाही का दिसत?”

“भास आहे तो!”

तो भास नव्हता, ती ओहोटी होती. मावशींच्या आमरसापुढे सर समुद्राला विसरले होते, पण समुद्र आपली वेळ विसरला नव्हता. बोट खाली गेलेली, धक्क्याची उतरण चांगली घसरगुंडी झालेली. गाडी खाली गेली, रॅम्पवर चढली आणि रॅम्प संपून बोट सुरू होते त्या काठावर ‘खर्रर्र’ करून पोटावर बसली. पुढची चाकं हवेत! सरांनी जोर दिला. इंजिन ओरडलं, गाडी ढिम्म.

“मास्तर, न्हाय हलायची ती!” बोटीवरून कुणीतरी ओरडलं. “पोटावर बसलीय!”

“मदत नको!” सर ओरडले. “माझं मी बघतो!”

त्यांनी उतरून गाडीखाली वाकून बघितलं. तीस वर्षांच्या भूगोलात यावर एकही धडा नव्हता. मागे गाड्यांची रांग लागली. सगळ्यांत मागचा हॉर्न वाजवायला लागला, मग त्याच्या पुढचा, मग सगळेच! बोटवाला म्हणाला, “पाणी आजून उतरतंय. आता न्हाय सुटलात तं भरतीपर्यंत बसा इथंच!”

सरांनी मधुवंतीबाईंकडे पाहिलं. त्या केळीच्या घडाआडून त्यांच्याकडेच बघत होत्या. सरांच्या तोंडून शब्द असा आला, जशी उपटलेली दाढ बाहेर येते.

“मदत!”

बँजो पार्टी झेपावलीच. मैना कोळणीने टोपली खाली ठेवून सूत्रं हातात घेतली.

“आगो बाय, येवढं वजन! सामान उतरवा. फणस काढा, पोतं काढा!”

सामान निघालं. गाडी अजून बसलेलीच.

“आता हिला मागनं उचलून ढकलायची,” गणराज म्हणाला. “पण पुढची चाकं टेकायला पुढं वजन पायजे. चांगलं वजनदार कुणीतरी!”

सगळ्या बोटीची नजर सरांच्या पोटावर स्थिरावली. कुणी काही बोललं नाही, एवढी सभ्यता त्या लोकांत होती. सर मुकाट्याने बॉनेटवर जाऊन बसले. नाक खाली आलं, चाकं टेकली.

“आन चालवनार कोन?” मैना म्हणाली.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तेवढ्यात मधुवंतीबाईंनी केळीचा घड मैनाच्या हातात दिला, तिथल्या तिथे सरकून त्या स्टिअरिंगमागे बसल्या आणि पदर खोचला.

“मधू, अगं, ही जीप नव्हे!”

“तुम्ही घट्ट धरा.”

“काय धरू?”

तोच बँजो पार्टीने “हैय्या!” करून गाडी उचलली, मधुवंतीबाईंनी नेमक्या त्याच क्षणी, नेमका तेवढाच जोर दिला आणि लाल गाडी काठ ओलांडून आत आली! पुढे बर्फाचा टेम्पो, बॉनेटवर सर! सरांनी डोळे मिटले. गाडी टेम्पोपासून हातभर अंतरावर अलगद थांबली.

मग काय विचारता! गणराजने बँजो काढला. मैनाने मावशींच्या पोत्यातला एक नारळ काढून गाडीसमोर फोडला. “वयनीची नवी गाडी!” म्हणून टाळ्या पडल्या. नवी नाही, घेतलेलीच नाही, फक्त बघायला आणली आहे, असं सर सांगत होते, पण बँजोपुढे कोण ऐकतंय? कुणीतरी व्हिडिओ काढला, आणि बोट खाडीच्या मध्यावर असतानाच तो रेवदंड्याच्या ग्रुपवर पोचलासुद्धा. खाली लिहिलं होतं: मधुवंतीकाकूंनी गाडी घेतली, अभिनंदन! बॉनेटवर काका.

आगरदांडा जवळ आला तशी उतरायची काळजी सुरू झाली. तिथेही ओहोटीच.

“वजन कमी पायजे,” मैनाने निकाल दिला. “केळी, पापड र्‍हाऊ द्या गाडीत. फणस, पोतं उतरवा. आन मास्तर, तुमी पन उतरा!”

गाडी सुरेख उतरली. धक्क्याला लागून पुढच्या रस्त्यालाही वाळूचे उंचवटे होते. तेव्हा फणस, पोतं, रोपं आणि सर यांच्यासाठी एक रिक्षा ठरली. मधुवंतीबाई म्हणाल्या, “काशीदला थांबते हं!” आणि छप्पर उघडं टाकून भुर्रकन निघाल्या. सर दोन फणसांच्या मध्ये बसून ते लाल टिंब वळणाआड जाताना बघत राहिले.

काशीदला मधुवंतीबाई रस्त्याकडेला शहाळं पीत उभ्या होत्या. केस विस्कटलेले, गाल लाल, डोळ्यांवर तो खड्यांचा चष्मा. त्यांना तो शोभत होता.

“गुडघे कसे आहेत?” सरांनी विचारलं.

“कुठले गुडघे?”

सर रिक्षातून उतरले. मग म्हणाले, “शर्त मी हरलो. उद्या पांढरी ठरवून टाकू. शब्द म्हणजे शब्द.”  त्यांनी एकदा गाडीच्या लाल नाकावरून हात फिरवला.

मधुवंतीबाईंनी शहाळं खाली ठेवलं.

“बाबांची जीप विकली ना, त्या दिवशी मी माळ्यावर जाऊन रडले होते. कुणाला बोलले नाही. मग लग्न झालं, आणि मी गाडीत बसले ती कायम पोत्यांच्या बाजूला. सासूबाईंना काय लागेल, क्षिप्राला काय लागेल, वाडीला काय लागेल, ते बघता बघता मला वाटायलाच लागलं की मलाही तेच लागतं.”

 इतकी वर्षं सरांना वाटत होतं की या घरात स्वप्नं बघणारे आपण एकटे, आणि बायको नुसती पोती मोजणारी. त्यांना तिच्याबद्दल फार प्रेम वाटलं आणि स्वतःची चांगलीच लाज वाटली. त्यांनी उरलेलं शहाळं उचलून पुन्हा तिच्या हातात दिलं.

“शर्त काय होती?” त्या म्हणाल्या. “तुम्ही हरलात तर गाडी मी ठरवणार. ठरवली. लाल!”

सरांच्या तोंडावर जे काही पसरलं ते बघायला तुम्ही तिथे हवे होतात. त्यांनी अधीर होऊन हात पुढे केला. “मग चावी दे! रेवदंड्यापर्यंत मी चालवतो!”

“आणि फणसांबरोबर कोण बसणार?”

रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला.

या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. लाल गाडी वर्तकांच्या अंगणात असते, आणि नसते तेव्हा मधुवंतीबाईंबरोबर असते. दिवेआगरच्या फेऱ्या वाढल्या आहेत. मावशी देतात ते सामान रिक्षाने येतं, आणि सामानाबरोबर कुणीतरी विश्वासाचं माणूस लागतंच. गावात भेटेल तो सरांना विचारतो, “काय सर, कशी आहे नवी गाडी?”

“झकास!” सर मांडीवरचा फणस सावरत सांगतात. “मागून फार छान दिसते!”